कूलर बंद

मे महिन्यातली दुपार. लकडगंजच्या एका गल्लीत अंकुशच्या सिनेमाचं शूटिंग अडलं होतं. नायिकेचं एकच वाक्य राहिलं होतं, पण घराघरातला कूलर असा घरघरत होता की माइकमध्ये दुसरं काही येईचना. अंकुश पडला स्वतंत्र निर्माता. हात जोडायचं खातंही त्याच्याचकडे. तो शेजारच्या इंदूबाईंच्या दारात गेला.

"काकू, दोन मिनिटं कूलर बंद करा ना."

"काहून गा? गर्मीनं मारतं का आम्हाले?"

"तुम्हाले सिनेमात घेतो."

कूलर जागच्या जागी बंद झाला. बातमी गल्लीभर फिरली. एकेक कूलर थांबत गेला आणि एकेक घर नटूनथटून बाहेर आलं. कोणी लग्नातला शालू नेसून, कोणी जावयाचा गॉगल लावून. शब्द दिलेला होता, म्हणून अंकुशने सगळ्यांना नायिकेच्या मागे दाटीवाटीनं उभं केलं.

"अरे, पण सीन काय आहे आपला?" दिग्दर्शिका भैरवी कळवळली.

"सीनचं मंग पाहू. शांतता पाह्य किती पडली! शॉट घे लवकर."

खरंच, मे महिन्यात अशी शांतता त्या गल्लीनं कधी ऐकली नव्हती. कॅमेरा सुरू झाला. नायिकेनं डोळ्यांत पाणी आणून आपलं वाक्य म्हटलं, "या जगात माझं कोणीच नाही!"

घामानं निथळलेल्या इंदूबाई मागून पुढे आल्या आणि पदरानं तिचे डोळे पुसत म्हणाल्या, "काहून वं पोरी? आम्ही मेलो का?"