ठणठणीत मशीन

सुई न टोचता, हातावरच्या शिरेतून नुसत्या ध्वनिलहरी सोडून रक्ताचा हिशेब सांगणारं नवं मशीन दवाखान्यात आलं. चाचणीला रोज हात मात्र नर्सबाईंचा, कारण त्या आयत्याच समोर असायच्या.

मशीन रोज एकच सांगायचं, लाल पेशी फारच कमी.

"बिघडलंय हे!" डॉक्टर वैतागले. इंजिनिअर आला. त्याने वायर बदलली, हाताला लावायचं जेल बदललं, टेबलसुद्धा खिडकीपासून हलवलं. दर वेळी बाई धापा टाकत जिना चढून यायच्या, हात पुढे करायच्या आणि खुर्चीतच पेंगायच्या.

"बाई, इथे मशीनच्या काळजीने आमची झोप उडालीये आणि तुम्ही डुलक्या काढताय!" डॉक्टर खेकसले.

शेवटी नाइलाजाने सुई टोचून बाईंचं रक्त लॅबला पाठवलं. आकडा तंतोतंत तोच आला.

डॉक्टरांनी इंजिनिअरला मिठीच मारली. "मशीन ठणठणीत आहे!"

बाईंनी जांभई आवरली. "मग सर, मी रक्तवाढीच्या गोळ्या सुरू करू का?"

"वेड लागलंय का? पुढच्या महिन्यात पाहुणे येतायत मशीन बघायला. तोवर आकडा हलता कामा नये!"