कोठीतला झ्यूस

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मेलित्ताला कोठीघरात तेलाच्या रांजणामागे साप दिसला. तिने न घाबरता तो काठीने उचलून भिंतीपलीकडे सोडला.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, सापाच्या रूपात कोठी राखणारा आपल्या घराचा झ्यूस होता तो. रोज मधाची पोळी ठेवते मी त्याच्यापुढे."

"आमच्या माहेरी झ्यूसला दाढी आहे हो," मेलित्ता रडकुंडीला आली.

तेवढ्यात भिंतीवरून शेजारची लिसिला डोकावली. अंजिराच्या झाडाच्या भांडणावरून दोन्ही घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. "आमच्या कोठीत देव आलाय," ती म्हणाली. "आज राग धरायचा नाही. सगळे जेवायला या."

सासूबाईंनी सुनेला डोळ्यांनीच गप्प केलं आणि जेवायला गेल्या. संध्याकाळ झाली तरी त्यांच्या आणि लिसिलाच्या गप्पा संपेनात.

काही दिवसांनी साप पुन्हा रांजणामागे येऊन बसला, चांगला गुटगुटीत होऊन. मेलित्ता लगबगीने मधाची पोळी घेऊन आली.

"ती राहू दे, काठी आण," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूच्या फिलोनच्या घराशीही आपलं बोलणं नाही."