व्याह्यांनी दिलेलं जाकीट

धनुष्याची दोरी बाहीला अडकू नये म्हणून अमेरिकन व्याह्यांनी श्रीधरपंतांना दिलेलं शिकारीचं जाकीट अगदी अंगाबरोबर होतं. आत थंडीचं थर्मल बनियन मावलं; बायकोने विणलेला स्वेटर मावेना.

“मग मी विणलेला स्वेटर वरून घाला,” सुमतीबाईंनी फर्मावलं. “आणि व्याह्यांना दुखवू नका हं. लेकीला इथंच नांदायचंय.”

जंगलात हरिण समोर आलं, तेव्हा व्याह्यांनी पहिला बाण मोठ्या मानाने श्रीधरपंतांना देऊ केला. पंतांनी दोरी ओढून सोडली, ती स्वेटरच्या ढगळ बाहीत अडकली. बाण त्यांच्याच बुटापाशी पडला आणि हरिण पसार झालं.

व्याही बराच वेळ स्वेटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “असा एक माझ्या मापाचा मिळेल?”

हा टोमणा की कौतुक, पंतांना कळेना. मुलीचा बाप म्हणून त्यांनी आधी माफी मागून टाकली.