स्टोव्हची पिन

पाचव्यांदा चहा टाकायला सांगून भीमराव बाहेर गेला, तेव्हा कुमुदिनीनं ठरवलं, की आता नाही टाकायचा. पण हात सवयीचे गुलाम. ते स्टोव्हकडंच गेले.

मॅटॅडोर समुद्रापासून पन्नास पावलांवर उभी होती. अलिबागच्या अलीकडचा किनारा, सुट्टीचा दुसरा दिवस, शेवटची दुपार. उद्या पहाटे अंबरनाथला परत निघायचं होतं, आणि कुमुदिनीचं पाऊल अजून पाण्याला लागलं नव्हतं. दरवर्षी सहा डिसेंबरला दादरला समुद्र दिसायचा, पण तो रांगेतून, माणसांच्या खांद्यांवरून. "या खेपेला तुला समुद्रात नेऊन उभी करतो," असं म्हणूनच तिच्या नवऱ्यानं वर्षभर रविवारी खपून ही भंगारातली गाडी घडवली होती. आत झोपायला फळ्या, टपावर पाण्याची टाकी, मागच्या दारात ओटा. कारखान्यातला फिटर तो, एकेक स्क्रू मापात. फक्त वाऱ्यानं स्टोव्ह विझू नये म्हणून त्यानं गाडीचं मागचं दार रस्त्याकडं करून ठेवलं होतं. ओट्यासमोर सुरूची चार झाडं आणि डांबर. समुद्र पाठीमागं.

दोन दिवस तिनं समुद्र नुसता ऐकला.

आणि माणसं येत राहिली. भीमराव किनाऱ्यावरून एकेकाला गाठून आणायचा. "या हो, आमची गाडी तर बघा." काल डोंबिवलीचं जोडपं, सकाळी पेणचे कुणी मास्तर. आलेला माणूस फळ्या ओढून बघणार, टाकीचा नळ सोडून बघणार, आणि चहा घेतल्याशिवाय भीमराव त्याला हलू देणार नाही. बायकोच्या जिवावर उदार व्हायला काय लागतं?

आत्ता पुढच्या बाजूला ताडपत्रीखाली उल्हासनगरच्या कॅम्प चारमधले टेकचंदशेठ घरच्या सात माणसांना घेऊन बसले होते. शेठ फिरत मागच्या दाराशी आले, डब्यांची रांग बघितली, कपांचे हुक बघितले आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा भाभी, ये तो बिलकुल घर जैसा है."

कुमुदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"घरच आहे," ती म्हणाली. "मी बाहेर कुठं आलेय?"

शेठ मनापासून हसले. वहिनी थट्टा करतायत असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात स्टोव्ह दोनदा भकभकला आणि बसला. बर्नरमध्ये कचरा अडकला होता आणि तो काढायची पिन जागेवर नव्हती. सकाळी पलीकडच्या टेम्पोतल्या बाई मागून घेऊन गेल्या होत्या. तिनं तसं ओरडून सांगितलं.

"मग आण ना जाऊन," भीमराव ताडपत्रीखालूनच म्हणाला. "पटकन ये. माणसं खोळंबलीत."

टेम्पो बदलापूरकरांचा होता. वाळूवर चटई टाकून पुरुष पत्ते कुटत होते. टेम्पोच्या आडोशाला तुळशीबाई बोंबील तळत होत्या, आणि त्यांचीही पाठ समुद्राकडंच होती. वारा काय सगळ्यांना सारखाच.

"पिन ना? ही घे गो बाय. इसरलेच बघ द्यायला."

कुमुदिनीनं पिन मुठीत घेतली, पण ती तिथून हलली नाही. बाईंच्या कपाळाला पीठ लागलं होतं. साडीचा काठ कोरडा ठणठणीत होता.

"तुम्ही गेला होतात पाण्यात?" तिनं विचारलं.

"कवा जाणार? काल भरती व्हती तवा भाकऱ्या. ओहोटी झाली तवा मासली. चौदा तोंडा हायेत." तुळशीबाईंनी बोंबील उलटला. "समुद्र काय पलून जातंय?"

"उद्या आपणच निघून जाणार आहोत."

तुळशीबाईंनी आणखी एक बोंबील तव्यात सोडला.

"उठा," कुमुदिनी म्हणाली.

"आन् तव्यावरचे?"

"जळू देत."

तुळशीबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग तव्याकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि दोघी पत्तेवाल्यांच्या समोरून चालत गेल्या. डाव रंगात होता. मान कुणीच वर केली नाही.

पाणी आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ते इतकं कोमट असेल असं कुमुदिनीला वाटलं नव्हतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला. पन्नास पावलं. दोन दिवस इथंच होतं हे.

मागून पँट दुमडत भीमराव आला.

"अगं, मिळाली का पिन?"

"मिळाली."

"मग आण की. शेठ बसलेत तिकडं."

ती वळली. "वर्षभर स्क्रू मोजलेत तुम्ही," ती म्हणाली. "ओटा मापात, टाकी मापात. चहा करताना माझं तोंड कुणीकडं होईल, तेवढं नाही बघितलंत."

भीमरावानं गाडीकडं पाहिलं. इथून तिचं नाक तेवढं दिसत होतं, नवा पिवळा रंग आणि ताडपत्रीखाली बसलेली माणसं. ओटा दिसत नव्हता.

कुमुदिनीनं हात पाण्यावर धरला आणि त्याच्या देखत मूठ उघडली.

"अगं अगं," म्हणत तो वाकला आणि दोन्ही हातांनी वाळू चाचपू लागला. पिन ती, टाचणीएवढी, ती कसली सापडतेय. लाट आली की तो मागं सरायचा आणि गेली की पुन्हा वाकायचा.

टेम्पोकडून करपल्याचा वास आला, आणि त्यामागून पुरुषी हाक आली, "तुलशे, जललं गो सगला."

तुळशीबाईंनी कुमुदिनीचा हात धरला आणि आणखी एक पाऊल आत टाकलं.