मुलगा हवा, लिहिण्यापुरता

आळीपाळीनं गोष्ट लिहायला जोडीदार हवा म्हणून कुलूपवाल्यानं मोबाइलवर जाहिरात टाकली, 'मी बाप, तू मुलगा. भांडणानंतर मी दाराचं कुलूप बदललंय. पुढं लिही.' बायको फणकारली, "अहो, सख्खा पोरगा तीन गल्ल्या सोडून राहतोय, अन् तुम्ही उसना शोधताय?" "सख्ख्यापुढं आधी नमणार कोण?" पहिल्या जोडीदारानं चौथ्याच ओळीत राक्षस आणला. दुसऱ्यानं आल्याबरोबर माफी मागितली; असल्या शेळपटाशी काय डोंबल भांडायचं? तिसरा मात्र पठ्ठ्या निघाला, 'उपयोग नाही, तरी जुनी किल्ली खिशातच ठेवतो, बाबा.' कुलूपवाल्याची बोटं अडली. तासाभरानं तिकडून आलं, 'काका, सुचत नाही? पात्रं बदलू. तुम्ही मुलगा व्हा, मी बाप.' "हात्तिच्या, सोपंय!" म्हणत त्यानं झरझर लिहिलं, 'बाबा, वर्षभरात एकदाही हाक का नाही मारलीत?' उत्तर यायच्या आत त्यानं मोबाइल पालथा ठेवला.