उघडी गाडी

हूड पाडायला दोन माणसं लागतात, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. खटके एकदम सोडायचे, सांगाडा एकदम उचलायचा आणि मागं नेताना कांबींमधून कापड बोटांनी बाहेर काढत राहायचं. नाहीतर लोखंड कापडाला चावतं. गाडीवाला विनोद यवतचा. त्याच्या या जुन्या पांढऱ्या गाडीला वरातीसाठी आसपासच्या दोन तालुक्यांत मागणी होती, आणि हुडाला तो सहसा कुणाला हात लावू देत नसे. पण आज नवरदेवाचा बाप, म्हाळू, आधीच दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला होता.

"मामा, तुम्ही राहू द्या. बोट सापडंल."

"सापडू दे," म्हाळू म्हणाला. "माझ्या लग्नात आम्ही नवराबायकू ओढ्याच्या वाटनं घरी गेलतो. आज माझं पोरगं आन् सून गावातनं जाणार. साऱ्यांनी बघायचं. हूड मीच पाडणार."

दोघांनी मिळून पाडलं. घडी बसल्यावर म्हाळूनं तिच्यावरून हात फिरवला, अंथरूण आवरल्यावर फिरवतात तसा. न्हावऱ्याहून लग्न लावून येताना धूळ नको म्हणून झाकलेली गाडी गावाच्या वेशीपाशी अशी उघडी झाली. मागच्या सीटवर सतीश ताठ बसला, त्याच्या शेजारी पांढऱ्या साडीतली गौतमी. फेट्याचा तुरा वाऱ्यावर हलू लागला. बेंजोवाल्यांनी सूर धरला आणि सतीशची बहीण माया पदर खोचून पुढं झाली. वेशीच्या आत गाव, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांची वस्ती. मधे एकच रस्ता.

त्या रस्त्यानं हौसराव आप्पा चालत आले. गावातलं मोठं खटलं त्यांचं, आणि जिभेवर कायम खडीसाखर. आप्पांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं; फक्त हो म्हणायची वेळ येऊ दिली नव्हती. त्यांच्या मागं देवळाच्या ओट्यावर आठदहा पोरं बसली होती. ती गप्पाही मारत नव्हती आणि मोबाईलमध्येही बघत नव्हती.

"वा, म्हाळू! सून गुणाची दिसती," आप्पा म्हणाले. "पण हूड का पाडलं? घ्या की चढवून."

"का बरं, आप्पा?"

आप्पांनी वर पाहिलं. "आभाळाचा काय नेम हाय? कवा बी येतोय पाऊस हल्ली."

म्हाळूनंही वर पाहिलं. आभाळ घासलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

"गावाचं काय म्हणणं न्हाई बरं का," आप्पांनी आवाज खाली आणला. "पण पोरंसोरं हायती. तुझी तुझं ऐकायची न्हाईत, माझी माझं ऐकायची न्हाईत. मंगल कार्य हाय. उगं कशाला?"

"आबा, हूड चढवायचं न्हाई," सतीश गाडीतून म्हणाला.

म्हाळूनं लेकाकडं पाहिलं. हात वर नेलेली माया तशीच थांबली होती. ओट्यावरचं एक पोरगं उठून उभं राहिलं आणि त्यानं पँट झटकली. एवढंच केलं त्यानं. म्हाळूला संताप आला, पण संतापाच्या आधी भीती येऊन बसली होती, आणि तिला उठवणं काही त्याला जमलं नाही.

"विनोद, चढव."

विनोदनं चावी खिशात टाकली. "पाडायला हात लावला, मामा. चढवायला लावणार न्हाई."

मग म्हाळू एकटाच सांगाड्याशी झटू लागला. एक बाजू उचलली की दुसरी तिरकी व्हायची.

"थांब, थांब. एकट्याचं काम हाय का त्ये?" आप्पा बाह्या सारून दुसऱ्या बाजूला गेले. दोघा म्हाताऱ्यांनी सांगाडा एकदम उचलला. कापड कुठं अडकलं नाही, कांब कुठं कुरकुरली नाही. "हां, वढ तिकडनं. अजून. बास!" खटके बसले. आप्पांनी कापडावर थाप मारली. "बघ, कसं झ्याक बसलं!"

आत सतीशच्या फेट्याचा तुरा कापडाला लागून मोडला. त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला. गौतमी फेट्याकडं बघत राहिली. नवऱ्याकडं बघायचा तिला धीर होईना.

गाडी गावातून निघाली. बेंजो वाजत होता, पण माया नाचत नव्हती. ओट्यावरच्या पोरांनी कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. ती फक्त हसत होती.

आप्पांच्या दारात त्यांची बायको तुळजाबाई हौसेनं नवी नवरी बघायला उभी होती. तिनं वाकून पाहिलं. "अगं बया, गाडी तर आली! नवरानवरी कुठं हायती?"

"आत हायती, वहिनी," गाडीच्या बाजूनं चालणारा म्हाळू म्हणाला.

गावातलं शेवटचं घर मागं पडलं. पुढं वस्तीच्या कमानीखाली बायका ओंजळीत फुलं घेऊन थांबल्या होत्या. विनोदनं गाडी उभी केली, खाली उतरला आणि आपल्या बाजूच्या खटक्याला हात घातला.

"धरा मामा तिकडनं. आता सारी आपलीच माणसं हायती. पाडू."

म्हाळू जागचा हलला नाही. त्यानं एकदा मागं गावाकडं पाहिलं, मग वर. दिवस मावळला होता आणि साऱ्या आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"राहू दे रं," तो म्हणाला. "आभाळाचा काय नेम हाय?"