काचेवरचा सुलटा माणूस

मोठ्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं जग उलटं दिसतं, हे धम्मरत्नच्या अंगवळणी पडलेलं होतं. चाकणजवळच्या टेकडीवर काळ्या कापडात डोकं घालून तो बघत होता. कारखान्यांच्या शेड वर, आभाळ खाली, खडकावर बसलेली बायको सरू उलटी. एक माणूस मात्र चांगला सुलटा होता आणि सरूकडे चालत येत होता.

त्यानं डोकं बाहेर काढलं. टेकडीवर सरूशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"अहो, आटपा की. पाठ धरली माझी."

झटकन शटर मारलं तर तो माणूस फोटोत कायमचा यायचा. म्हणून धम्मरत्ननं भिंगाचं छिद्र अगदी बारीक केलं आणि शटर चार मिनिटं उघडं ठेवलं. एवढ्या वेळात चालणारं माणूस उमटतच नाही.

"हलू नकोस, सरू."

घरी निगेटिव्ह धुतली. गवत पुसट, सरू रेखीव, शेजारी कोणी नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. हसत हसत त्यानं तिला सगळं सांगून टाकलं.

"दमला असेल बिचारा," सरू म्हणाली. "एकदाही थांबला नाही म्हणजे."

आणि सोफ्यावर जरा सरकून तिनं जागा केली.